फॉलो केलेल्या खात्यांच्या लिस्ट कशा करायच्या

एक्स, म्हणजे पूर्वीचं ट्विटर, वापरायला लागून वर्षभर झालं की फॉलो केलेल्या खात्यांची संख्या नकळत तीनशे-चारशेवर जाते. त्यात हवामान खातं असतं, दोन-तीन वर्तमानपत्रं असतात, आवडता क्रिकेटपटू असतो, कॉलेजातला मित्र असतो, गडकिल्ल्यांचे फोटो टाकणारं कुणी असतं. ‘फॉर यू’ टॅबमध्ये यातलं काय दाखवायचं हे ॲप ठरवतं, आणि ज्यांना आपण फॉलोही केलेलं नाही त्यांच्या पोस्ट मधे मधे घालतं. शेजारच्या ‘फॉलोइंग’ टॅबमध्ये आपण निवडलेली माणसं दिसतात खरी, पण सगळी एकाच रांगेत. लोकल चालू आहे का, एवढंच बघायला ॲप उघडलेला माणूस वीस मिनिटांनी क्रिकेटच्या वादात सापडतो आणि लोकलचं बघायचं राहूनच जातं.

यावरचा उपाय त्याच ॲपमध्ये २००९ पासून आहे. त्याचं नाव लिस्ट. निवडक खाती एका नावाखाली गोळा करायची. ती लिस्ट उघडली की फक्त त्या खात्यांच्या पोस्ट दिसतात. पैसे पडत नाहीत, दुसरं ॲप लागत नाही, आणि पहिली लिस्ट दहा-पंधरा मिनिटांत होते. हा लेख मुख्यतः एक्सवरच्या लिस्टबद्दल आहे, कारण तिथे ही सोय सगळ्यात मोकळी आहे. व्हॉट्सॲप, टेलिग्राम, इन्स्टाग्राम यांचं पुढे येईलच.

आधी प्रश्न, मग नाव

लिस्ट करायला बसलं की ‘हवामान’, ‘राजकारण’, ‘करमणूक’ अशी नावं पहिल्यांदा सुचतात. ही नावं टाळा, असं मी आग्रहाने सांगेन. विषयाला अंत नसतो. ‘राजकारण’ या नावाखाली दोनशे खाती सहज बसतात, आणि मग ती लिस्ट म्हणजे ज्या गर्दीतून सुटायचं होतं तीच गर्दी पुन्हा.

त्याऐवजी स्वतःला विचारा: ही लिस्ट उघडून मी काय ठरवणार आहे? आत्ता घरातून निघू का? या आठवड्यात फवारणी करू की थांबू? अर्जाची मुदत वाढली का? रस्त्यावरच्या खड्ड्याची तक्रार कुणाला टॅग करू? ज्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला वारंवार लागतं, त्याची लिस्ट करा. कोणतं खातं आत घ्यायचं आणि कोणतं बाहेर ठेवायचं हे मग आपोआप सुटतं. जे खातं त्या प्रश्नाचं उत्तर देत नाही ते कितीही आवडतं असलं तरी त्या लिस्टमध्ये नको.

आणखी एक. फॉलो केलेली सगळी चारशे खाती वाटून घालायला बसू नका. ते काम कुणाचंच पुरं होत नाही. दोन-तीन दिवस नुसतं लक्ष ठेवा की एखादी नेमकी माहिती शोधायला आपण ॲप केव्हा उघडतो. त्यातून दोन, फार तर तीन प्रश्न निघतील. सुरुवातीला तेवढ्याच लिस्ट पुरेत.

एक लिस्ट जवळून: पाऊस आणि लोकल

मुंबई-ठाण्याकडच्या माणसाचा जून ते सप्टेंबर रोजचा प्रश्न एकच: निघू का? याच प्रश्नाची लिस्ट करून बघू.

फॉर यू टॅब या प्रश्नासाठी निरुपयोगी का, हे आधी समजून घ्या. हवामान विभाग जिल्ह्यांसाठी चार रंगांचे इशारे देतो: हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. हे इशारे दिवसांच्या हिशोबाचे असतात. त्याशिवाय ‘नाऊकास्ट’ नावाचा तातडीचा अंदाज येतो आणि तो साधारण पुढच्या तीन तासांपुरताच असतो. आता अल्गोरिदमचं, म्हणजे काय दाखवायचं ते ठरवणाऱ्या ॲपच्या गणिताचं, काम कसं चालतं बघा. ज्या पोस्टला खूप लाइक आणि रिपोस्ट मिळाले ती तो वर आणतो, मग ती काल संध्याकाळची का असेना. म्हणजे काल लोकांनी घाबरून शेअर केलेला लाल इशारा आज सकाळी तुमच्यासमोर पहिला येतो, आणि दहा मिनिटांपूर्वीचा नाऊकास्ट कुठेतरी खाली राहतो. लिस्टमध्ये साधारणपणे ताजी पोस्ट वर असते. पावसाच्या दिवसांत हा फरक फार मोठा आहे.

या लिस्टमध्ये मी कुणाला घेईन? भारतीय हवामान विभागाचं मुंबईचं प्रादेशिक केंद्र, मुंबई महानगरपालिका, मध्य रेल्वे, पश्चिम रेल्वे, मुंबई वाहतूक पोलीस आणि बेस्ट. इतकेच. ठाणे किंवा कल्याण-डोंबिवलीत राहत असाल तर तिथली महापालिका घाला. पश्चिम मार्गावर कधीच जात नसाल तर पश्चिम रेल्वे काढा. महापालिका भरतीच्या वेळा देते. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की सखल भागात पाणी साचतं, म्हणून ती पोस्ट वाचायची सवय ठेवा.

वर्तमानपत्रं आणि वृत्तवाहिन्या या लिस्टमध्ये नकोत. त्या वाईट आहेत म्हणून नव्हे. त्या पावसाबरोबर आणखी पन्नास बातम्या देतात आणि लिस्ट तासाभरात भरून जाते. हौशी हवामान अभ्यासकांची काही खाती खरोखर उत्तम असतात, रडारची चित्रं उलगडून सांगतात. त्यांची वेगळी लिस्ट करा आणि निवांत असताना वाचा. निघायचं की नाही हे ठरवताना अधिकृत इशारा आणि जाणकाराचा अंदाज एकमेकांत मिसळू देऊ नका.

गाव बदललं की लिस्ट बदलते. पुणेकराला खडकवासल्याच्या विसर्गाची पोस्ट हवी, कारण मुठेत पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो. त्याच्या लिस्टमध्ये पुणे महापालिका आणि पुणे पोलीस हवेत. कोल्हापूरकराचं लक्ष राजाराम बंधाऱ्यावरच्या पंचगंगेच्या पातळीकडे असतं: ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ फुटांना धोका पातळी. तिथे प्रश्न ‘निघू का’ हा नसतोच. सामान आणि जनावरं हलवायची का, हा असतो.

आणि आई-वडील कोल्हापुरात, स्वतः न्यू जर्सीत, असं असेल तर हीच लिस्ट फोनमध्ये असलेली बरी. पावसाळ्यात दोन्हीकडच्या घड्याळात साडेनऊ तासांचा फरक असतो. पोस्टवरची वेळ तुमच्या फोनच्या घड्याळाप्रमाणे दिसते, हे विसरू नका. पोस्टवर रात्री साडेदहा दिसलं तर कोल्हापुरात ती सकाळी आठला आलेली असते.

आता हाताने करायचं काम

फोनवरच्या ॲपमध्ये डावीकडे वर आपला प्रोफाइल फोटो असतो. त्यावर बोट ठेवलं की मेनू उघडतो, त्यात ‘लिस्ट्स’ आहे. आत गेल्यावर नवी लिस्ट करायचं, अधिकचं चिन्ह असलेलं बटण दिसेल. ते दाबा.

नाव विचारलं जाईल. नाव २५ अक्षरचिन्हांपेक्षा मोठं चालत नाही आणि त्याची सुरुवात आकड्याने करता येत नाही. ‘निघू का’ किंवा ‘पाऊस-लोकल’ असं छोटं नाव ठेवा. खाली वर्णनाची जागा असते, ती रिकामी सोडली तरी चालते. तरीही एका ओळीत प्रश्न लिहून ठेवा असं मी सुचवेन. सहा महिन्यांनी एखादं नवं खातं घालायचा मोह झाला की ती ओळ कामाला येते.

त्याखाली ‘प्रायव्हेट’ नावाचा खटका आहे. त्याबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, म्हणून सध्या तो चालू करा आणि पुढे जा.

मग खाती घालायची. लिस्ट तयार झाल्यावर ॲप स्वतःच काही खाती सुचवतं. ती सोडून द्या आणि शोधाच्या चौकटीत हवं ते नाव टाका. दुसरा मार्ग मला अधिक सोयीचा वाटतो: ज्या खात्याला घालायचं त्याच्या प्रोफाइलवर जा, उजवीकडे वरचे तीन ठिपके दाबा, ‘ॲड/रिमूव्ह फ्रॉम लिस्ट्स’ निवडा आणि लिस्टच्या नावावर खूण करा. प्रोफाइल डोळ्यांसमोर असल्याने खरं खातं कोणतं हे तिथेच तपासता येतं.

एका खात्याला कितीही लिस्टमध्ये घालता येतं. एक्स एका वापरकर्त्याला हजार लिस्ट आणि एका लिस्टमध्ये पाच हजार खाती घेऊ देतं. ही मर्यादा वाचून हुरळू नका. उपयोगाची लिस्ट पंधरा-वीस खात्यांच्या आत असते. ती पाच मिनिटांत वाचून संपली पाहिजे.

शेवटची पायरी बरेच जण विसरतात आणि मग केलेली लिस्ट कधी उघडलीच जात नाही. ती म्हणजे पिन करणं. लिस्टच्या पानावर प्रत्येक नावाशेजारी टाचणीचं चिन्ह असतं. ते दाबलं की ती लिस्ट होम स्क्रीनवर फॉर यू आणि फॉलोइंगच्या शेजारी टॅब म्हणून येते आणि नुसतं बोट सरकवून उघडते. पाच लिस्टपर्यंत पिन करता येतात.

खरं खातं ओळखायचं कसं

लिस्टचा सगळा भरवसा आत कोण आहे यावर असतो. एक बनावट खातं आत शिरलं की ते खऱ्यांच्या रांगेत खरंच वाटतं.

पूर्वी निळी खूण दिसली की खातं पडताळलेलं आहे असं समजायचं. आता तसं नाही. नोव्हेंबर २०२२ पासून निळी खूण पैसे भरून मिळते आणि एप्रिल २०२३ मध्ये जुन्या, फुकट मिळालेल्या निळ्या खुणा काढून टाकण्यात आल्या. सरकारी संस्था आणि पदाधिकाऱ्यांसाठी राखाडी खूण आहे, कंपन्या आणि संस्थांसाठी सोनेरी. म्हणून पावसाच्या लिस्टसाठी राखाडी खूण बघा. ती नसेल तर त्या संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर जा. बहुतेक ठिकाणी पानाच्या तळाशी सोशल मीडियाची चिन्हं असतात. तिथून निघणारा दुवा ज्या खात्यावर नेतो तेच खरं. हा उलटा रस्ता थोडा लांबचा वाटतो, पण एका खात्यासाठी एकदाच करायचा असतो.

प्रायव्हेट की पब्लिक

आता त्या खटक्याकडे येऊ. लिस्ट पब्लिक ठेवली तर ती कुणालाही दिसते, आणि ज्याला तुम्ही तिच्यात घालता त्याला तशी सूचना जाते. लिस्टच्या नावासकट. मध्य रेल्वेला त्याचं काही वाटणार नाही. पण गल्लीतल्या माजी नगरसेवकाला किंवा ऑफिसातल्या सहकाऱ्याला तुम्ही कोणत्या नावाखाली घातलंत हे कळणं योग्य आहे का, ते आधी ठरवा. प्रायव्हेट लिस्टवर कुलपाचं चिन्ह असतं. ती फक्त तुम्हाला दिसते आणि सूचना कुणालाच जात नाही.

माणसांची लिस्ट प्रायव्हेट, संस्थांची हवी तर पब्लिक, हा माझा नियम. पब्लिक लिस्टचा फायदाही आहे. तिचा दुवा सोसायटीच्या ग्रुपवर टाकता येतो आणि एक्सवर असलेल्या शेजाऱ्यांना ती जशीच्या तशी फॉलो करता येते. एकाने नीट केलेली पावसाची लिस्ट शंभर घरांच्या उपयोगी पडू शकते.

याच खटक्याशी जोडलेली एक मोठी सोय नव्या माणसाला सांगितलीच पाहिजे. एक्सवर एखाद्याला लिस्टमध्ये घालण्यासाठी त्याला फॉलो करावं लागत नाही. आमदार, खासदार, विरोधी पक्षाचे प्रवक्ते, पालिकेचं विभाग कार्यालय अशी सगळी मंडळी एका प्रायव्हेट लिस्टमध्ये ठेवून वाचता येतात, तुमच्या फॉलोइंगमध्ये त्यातलं एकही नाव न येता. उलटही करता येतं. जी खाती फक्त कामापुरती हवीत ती लिस्टमध्ये घातल्यावर अनफॉलो करा. लिस्टमध्ये ती राहतात आणि फॉलोइंग टॅबमध्ये आवडीची माणसं तेवढी उरतात. चारशेचा आकडा खाली आणायचा हा सगळ्यात कमी त्रासाचा मार्ग आहे. फक्त ज्यांनी आपलं खातं बंदिस्त ठेवलं आहे त्यांच्या पोस्ट बघायला त्यांची परवानगी आणि फॉलो दोन्ही लागतं.

कुणी तुम्हाला नको त्या नावाच्या पब्लिक लिस्टमध्ये घातलं तर? त्या लिस्टच्या मालकाला ब्लॉक करा. तुम्ही त्या लिस्टमधून निघता.

दुसऱ्याची तयार लिस्ट

एखाद्याच्या प्रोफाइलवरच्या तीन ठिपक्यांतून ‘व्ह्यू लिस्ट्स’ उघडलं की त्याच्या पब्लिक लिस्ट दिसतात. एखादी आवडली तर फॉलो करता येते. त्यामुळे आतल्या खात्यांना तुम्ही फॉलो करता असं होत नाही.

पण ती लिस्ट त्या माणसाची असते. उद्या तो तिच्यात काहीही घालेल, काहीही काढेल, किंवा ती मिटवून टाकेल. म्हणून तयार लिस्टचा खरा उपयोग शोधासाठी करा. तिच्या सदस्यांची नावं उघडा, त्यातली कामाची पाच-सात निवडा आणि आपल्या लिस्टमध्ये घाला. पक्ष्यांची आवड असणाऱ्यांना, गणिताच्या शिक्षकांना, भाषांतर करणाऱ्यांना अशा रीतीने अशी खाती सापडतात जी नुसत्या शोधातून कधी समोर आली नसती.

वाचायची यादी वेगळी, सांगायची यादी वेगळी

इथे नव्या माणसाचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो, त्यामुळे सावकाश वाचा. एक्सवरची लिस्ट फक्त वाचण्यासाठी आहे. तिच्यातल्या लोकांनाच दिसेल अशी पोस्ट तुम्ही टाकू शकत नाही. तुमची पोस्ट नेहमीप्रमाणे सगळ्यांना जाते. इन्स्टाग्रामचं ‘क्लोज फ्रेंड्स’ याच्या बरोबर उलट आहे: ती यादी तुमची स्टोरी कुणाला दिसावी हे ठरवते. फेसबुकवरच्या मित्रांच्या याद्याही मुख्यतः तशाच. तिथल्या ‘रिस्ट्रिक्टेड’ यादीत ज्याला घालाल त्याला तुमच्या पब्लिक पोस्ट तेवढ्या दिसतात, आणि त्याला हे कळत नाही.

व्हॉट्सॲपवर तर दोन्ही प्रकार आहेत आणि दोघांच्याही नावात ‘लिस्ट’ आहे. ब्रॉडकास्ट लिस्ट सांगण्यासाठी आहे: एकच निरोप २५६ जणांपर्यंत वेगवेगळा जातो, पण ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केला आहे त्यांनाच पोचतो. लग्नाची पत्रिका अर्ध्या नातेवाइकांना न मिळण्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. दुसरी लिस्ट २०२४ च्या अखेरीस आली. चॅटच्या वर ‘ऑल’, ‘अनरीड’, ‘ग्रुप्स’ अशी बटणं दिसतात, त्यांच्या शेवटच्या अधिकच्या चिन्हावरून ती करता येते. ही फक्त तुमच्यासाठी असते. ‘शाळा’ नावाची लिस्ट करून मुलाचा वर्ग, पालकांचा ग्रुप आणि स्कूल बसवाले काका यांना तिच्यात घातलं की संध्याकाळी एका ठिकाणी सगळं सापडतं. त्या ग्रुपमधल्या कुणालाही काही कळत नाही.

टेलिग्राम, आणि एमपीएससीचा अभ्यास

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांच्या फोनमध्ये टेलिग्राम असतंच, आणि त्यात चालू घडामोडी, प्रश्नपत्रिका, वेगवेगळ्या क्लासेसच्या नोट्स अशी पन्नास-साठ चॅनेल साठलेली असतात. सकाळी उघडलं की हजारभर न वाचलेले मेसेज. हे बघूनच दडपण येतं.

टेलिग्राममध्ये २०२० पासून फोल्डर आहेत. सेटिंग्जमध्ये ‘चॅट फोल्डर्स’, मग ‘क्रिएट न्यू फोल्डर’. नाव द्या आणि कोणते चॅट आत घ्यायचे ते निवडा. फुकटच्या खात्याला दहा फोल्डर मिळतात. इथेही प्रश्नाचाच नियम लावा. एक फोल्डर ‘तारखा’: जाहिराती, मुदतवाढ, निकाल, प्रवेशपत्र. दुसरा ‘आज वाचायचं’: चालू घडामोडींची दोन, फार तर तीन चॅनेल. बाकी सगळी चॅनेल म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका. ती कुठे जात नाहीत, लागतील तेव्हा शोधून मिळतात.

तारखांच्या बाबतीत मात्र एकाही चॅनेलवर विसंबू नका. आयोगाचं चिन्ह लावलेली चॅनेल कुणीही काढू शकतं. तारीख चॅनेलवर दिसली की आयोगाच्या संकेतस्थळावर जाऊन मूळ प्रसिद्धिपत्रक उघडा आणि त्यावरची तारीख वहीत लिहा. दोन मिनिटं जातात. त्या दोन मिनिटांवर वर्षाची मेहनत अवलंबून असते.

टेलिग्रामवर फोल्डरचा दुवाही देता येतो. अभ्यासिकेतल्या नव्या मित्राला साठ चॅनेलची नावं सांगण्यापेक्षा तीन चॅनेलचा एक फोल्डर पाठवा.

बाकीच्या ठिकाणी काय मिळतं

इन्स्टाग्रामवर मार्च २०२२ पासून ‘फेव्हरिट्स’ आहे. ज्याला घालायचं त्याच्या प्रोफाइलवर ‘फॉलोइंग’ बटण दाबलं की पर्याय दिसतो. पन्नास खाती घालता येतात, त्यांना सूचना जात नाही आणि फेव्हरिट्सचं फीड उघडलं की नवं आधी दिसतं. वेगवेगळ्या नावांच्या लिस्ट मात्र करता येत नाहीत. फेसबुकवरचं फेव्हरिट्स तसंच, तीस जणांपर्यंत.

यूट्यूबच्या सबस्क्रिप्शनचे गट करता येत नाहीत. तिथे सूचनांच्या घंटेचा वापर करा: शिकण्यासाठी घेतलेल्या दोन-तीन चॅनेलना ‘ऑल’, बाकी सगळ्यांना ‘नन’. आणि यूट्यूबच्या मुख्य पानाऐवजी थेट सबस्क्रिप्शनच्या पानावर जायची सवय लावा; तिथे निवडलेली चॅनेल तेवढीच, नव्यापासून जुन्याकडे.

मॅस्टोडॉन आणि ब्लूस्काय ही एक्ससारखीच दोन माध्यमं. मॅस्टोडॉनवरच्या लिस्ट पूर्णपणे खासगी असतात, पण आधी त्या माणसाला फॉलो करावं लागतं. तिथली एक सोय मला फार आवडते: लिस्टमधल्या लोकांच्या पोस्ट होममधून लपवता येतात. भरमसाट पोस्ट टाकणारे, पण वाचनीय असे लोक तिथे ठेवायचे. ब्लूस्कायवर उलट: लिस्ट सगळ्यांना दिसतात, त्यामुळे नाव जपून द्या. तिथे नव्याने आलेल्यांसाठी ‘स्टार्टर पॅक’ असतात. कुणीतरी निवडलेली दीडशेपर्यंत माणसं एका दुव्यात मिळतात. पण ‘फॉलो ऑल’ दाबण्याआधी यादी वरून खाली वाचा, नाहीतर पहिल्याच दिवशी पुन्हा गर्दी.

लिस्ट ताजी ठेवणं

लिस्टला हंगाम असतो. पावसाची लिस्ट जूनच्या सुरुवातीला पिन करा आणि ऑक्टोबरमध्ये पाऊस परतला की टाचणी काढा. लिस्ट तशीच राहते, फक्त समोरून हलते. मोकळ्या झालेल्या जागी त्या काळाचा प्रश्न येऊ द्या. शेतकऱ्यासाठी हवामान विभागाचा जिल्हावार कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, त्यामुळे ती लिस्ट रोज उघडायची गरजच नसते. तेच दोन दिवस ठरवून ठेवा.

दर दोन-तीन महिन्यांनी लिस्टचे सदस्य वरून खाली बघा. काही खाती बंद पडलेली असतात, काहींचं नाव किंवा मालक बदललेला असतो. अधिकारी बदलला की त्याचं वैयक्तिक खातं काढून पदाचं खातं घाला; विभागाचं, पोलीस ठाण्याचं, कार्यालयाचं. आणि एखादं खातं वाचताना दर वेळी बोट झपाट्याने पुढे सरकत असेल तर तेही काढा.

जी लिस्ट महिनाभर उघडलीच नाही ती ‘एडिट लिस्ट’मध्ये जाऊन मिटवली तरी चालेल. तुम्ही फॉलो केलेल्या खात्यांना त्याने काही होत नाही. मात्र अनफॉलो करून फक्त लिस्टमध्ये ठेवलेली खाती तिच्याबरोबर जातात, म्हणून मिटवण्याआधी त्यातली हवी ती दुसऱ्या लिस्टमध्ये घालून घ्या.